आईची लिव्हरची हायडॅटिडची गाठ परत आली म्हणायची का?

माणदेशी_लेक

नमस्कार. लांबलचक होईल, पण सगळं एकदाच लिहिते.

आई ५४ वर्षांची. गाव माण तालुक्यात, घरी थोडी मेंढरं, दोन कुत्री, कोरडवाहू जमीन. मी नोकरीला चिंचवडला. दोनएक वर्षांपूर्वी आईला उजव्या बरगडीखाली जड वाटायचं, दोन घास खाल्ले की पोट भरायचं. सोनोग्राफीत लिव्हरच्या उजव्या भागात ११ सेंमीची हायडॅटिड सिस्ट, म्हणजे एका किड्यामुळे होणारी पाण्याची गाठ, निघाली. पुण्यात पोट उघडून ऑपरेशन झालं. डिस्चार्ज कार्डावर 'पार्शल सिस्टेक्टमी विथ ओमेंटोप्लास्टी' लिहिलंय. पोटातली नळी बरेच दिवस ठेवली होती, कारण तिच्यातून पित्त येत होतं. ते हळूहळू थांबलं. अल्बेंडाझोल ४०० ही गोळी महिनाभर दिली. पुढचं काहीच कुणी बोललं नाही, कागदावर फॉलोअप म्हणून फक्त टाके काढायची तारीख.

आता आईच्या पोटात दुखायला लागलं म्हणून पित्ताचे खडे आहेत का ते बघायला दहिवडीत सोनोग्राफी केली. खडे नाहीत. पण रिपोर्टमध्ये आहे: उजव्या लोबमध्ये ४.६ बाय ३.९ सेंमीची पोकळी, आत द्रव, 'रेसिड्युअल कॅव्हिटी की रिकरंट हायडॅटिड?', म्हणजे जुन्या गाठीची उरलेली पोकळी की परत आलेली गाठ, आणि पुढे प्रश्नचिन्ह. एलायझा (रक्तातल्या अँटिबॉडीची तपासणी) केली, ती पॉझिटिव्ह आली. एक सर्जन म्हणाले परत ऑपरेशन, लवकर. दुसरे म्हणाले सहा महिने थांबू. आई म्हणते, "एकदा फाडलंय, आता परत न्हाय. काय व्हायचं ते होऊ दे."

परत आली असेल तर कशी आली? ऑपरेशनमध्ये काही राहिलं, की कुत्र्यांमुळे नव्याने झालं? मटण बंद करायचं का? आणि एक घरातलं. वहिनीने आईचं ताट-वाटी वेगळं ठेवायला सुरुवात केली आहे, धाकटं बाळ आहे म्हणून. हे खरंच पसरतं का?

गवतीचहा

ताई, घाबरू नका. माझ्या मावसभावाला लिव्हरवर गाठ होती, पपईच्या पानांचा रस आणि गोमूत्र अर्क चालू केला, चार महिन्यांत विरघळली. ऑपरेशनच्या नादी लागू नका.

कोरडवाहू

पपईचा रस डेंग्यूवाल्यांना पाजून उरला वाटतं. भावाची गाठ कसली होती ते विचारून या आधी. लिव्हरमध्ये साध्या पाण्याच्या गाठी असतात, त्या काही न करताही तशाच राहतात. हायडॅटिड म्हणजे जिवंत किडा आहे, पानं खाऊन मरत नाही.

लेकी, रात्री निवांत लिहितो. तोवर एक कर, ऑपरेशननंतरची जुनी सोनोग्राफी कुठं असेल तर शोध.

सोनोवाला

मी रेडिओलॉजिस्ट आहे, इकडच्या दुष्काळी पट्ट्यातच काम करतो, त्यामुळे या गाठी नेहमी दिसतात. इथे रिपोर्ट वाचून निदान करणं बरोबर नाही, पण डॉक्टरांना काय विचारायचं ते सांगतो.

पहिली गोष्ट, एलायझावर जाऊ नका. ऑपरेशन उत्तम झालं तरी रक्तातल्या अँटिबॉडी कित्येक वर्षं राहतात. पॉझिटिव्ह म्हणजे 'हा आजार कधीतरी होता', आणि ते आपल्याला माहीतच आहे.

दुसरी, पार्शल सिस्टेक्टमीत गाठीचं छप्पर कापतात, आतला किड्याचा सगळा पडदा आणि पाणी काढतात, पण लिव्हरला चिकटलेली बाहेरची जाड भिंत तशीच ठेवतात. ती भिंत किड्याची नसते, लिव्हरनेच स्वतःभोवती घातलेलं कुंपण असतं. उरलेल्या खड्ड्यात ओमेंटम, म्हणजे आतड्यांवरचा चरबीचा पदर, बसवून शिवतात. हा खड्डा लगेच बुजत नाही. महिनोन्‌महिने सोनोग्राफीत दिसतो, कधी वर्षांनंतरही, आणि त्यात थोडं पाणी साचलेलं असू शकतं. ११ सेंमीच्या गाठीनंतर चार-साडेचार सेंमीची पोकळी उरणं यात मला स्वतःला नवल वाटत नाही.

तुमच्या आईच्या नळीतून पित्त येत होतं हे फार महत्त्वाचं आहे. याचा अर्थ गाठीचा पित्तनलिकेशी कुठेतरी संबंध होता. आता साचलेला द्रव पित्तसुद्धा असू शकतो. म्हणून एमआरआय करताना एमआरसीपी, म्हणजे पित्तनलिका दाखवणारा एमआरआय, तोही करून घ्या. गाठीच्या आत काय आहे ते सीटीपेक्षा एमआरआयमध्ये नीट दिसतं. सीटीचा उपयोग कॅल्शियम जमलंय का ते बघायला, आणि पोकळीत चरबी दिसली तर तो बसवलेला पदर आहे हेही तिथे कळतं.

रिपोर्टमध्ये डब्ल्यूएचओच्या वर्गवारीप्रमाणे गाठीची अवस्था लिहून मागा. सीई-१ म्हणजे स्वच्छ पाणी आणि दुहेरी रेघेची भिंत. सीई-२ मध्ये आत पिल्लं, म्हणजे छोट्या गाठी. ३-अ मध्ये आतला पडदा सुटून तरंगतो, ३-ब मध्ये घट्ट भागात पिल्लं असतात. ४ आणि ५ म्हणजे किडा मेलेला, घट्ट किंवा कॅल्शियम झालेला, तिथे नुसती नजर ठेवायची. नुसतं 'सिस्टिक लीजन' (पाण्याची गाठ) या शब्दावर कुणी सुरी उचलू नये. आणि कुणी सहज सुई घालून पाणी तपासू म्हणालं तर नको म्हणा. सुईने पाणी काढून औषध भरायची 'पेअर' नावाची रीतसर पद्धत आहे, पण ती गोळ्या आधी सुरू करून, रिअ‍ॅक्शन आली तर सांभाळायची सगळी तयारी ठेवून करतात. ओपीडीत टोचायची ती गोष्ट नाही. तुमच्या आईसारखं पित्तनलिकेशी संबंध असेल तर त्यात औषध भरायचंही नसतं, नलिका जळतात.

छातीचा एक्स-रेही काढा. लिव्हरनंतर या किड्याची आवडती जागा फुप्फुस.

कोरडवाहू

डॉक्टरांनी निम्मं काम केलं, बरं झालं. आता माझं ऐक.

मी जत तालुक्यातला. पशुधन पर्यवेक्षक म्हणून नोकरी केली, श्रेणी-२ च्या दवाखान्यात, आता निवृत्त. म्हणजे हा किडा मी आधी मेंढराच्या पोटात बघितला आणि मग माझ्या. २०११ ला पहिलं ऑपरेशन, २०१४ ला दुसरं. तुझ्या आईला जे वाटतंय, 'परत न्हाय', ते मी दुसऱ्या वेळेला शब्दाला शब्द बोललो होतो.

परत कशी येते ते सांगतो. गाठीतलं पाणी दिसायला झऱ्यासारखं नितळ असतं, पण तळाला बारीक रेती बसलेली असते. सर्जन लोक तिला हायडॅटिडची वाळूच म्हणतात. त्यातला कण न्‌ कण म्हणजे किड्याचं डोकं. ऑपरेशनमध्ये ते पाणी पोटात सांडलं, तर जिथं कण रुजेल तिथं नवी गाठ. म्हणून चांगला सर्जन गाठ उघडायच्या आधी चारी बाजूंनी कडक मिठाच्या पाण्यात भिजवलेल्या पट्ट्या दाबून बसवतो आणि मगच हात घालतो. दुर्बिणीतून करायचं तर सांडू नये म्हणून खास नळी लागते. कोइम्बतूरच्या डॉ. पलानीवेलूंनी तसली एक बनवली आहे, आत घालताना बाजूनं ओढून घेणारी.

माझ्या पहिल्या वेळेला दुर्बिणीतून झालं, आणि कागदावर सांडण्याबद्दल एक अक्षर नाही. मला कुणाला दोष द्यायचा नाही. पण तीन वर्षांनी लघवीला अडतंय म्हणून सोनोग्राफी केली तर एक गाठ लिव्हरच्या कडेला आणि दुसरी थेट खाली, लघवीच्या पिशवीच्या मागं. लिव्हरमधला किडा तिथं चालत गेला नाही. सांडल्याची खूण ही अशी असते. गाठ नव्या जागी, पोटाच्या मोकळ्या पोकळीत, नाहीतर टाक्यांच्या जागी.

दुसऱ्या सर्जनबाईंनी वेगळं केलं. भिंतीसकट आख्खी गाठ बाहेर. ते ऑपरेशन मोठं, रक्त जास्त जाण्याची भीती, सगळ्यांना सगळ्या जागी करता येत नाही. मोठ्या रक्तवाहिनीला चिकटलेली गाठ असेल तर भिंत मागं सोडावीच लागते, आणि तुझ्या आईचीही म्हणून सोडली असेल. पण भिंत सोडली की एखादं पिल्लू तिच्या खाचेत दडून राहायची शक्यता थोडी जास्त, हा हिशेब आहे. शुद्धीवर आल्यावर बाईंनी स्टीलच्या ट्रेमध्ये काढलेलं दाखवलं. उकडलेल्या अंड्याच्या पांढऱ्यासारखा पडदा, लोंबता, हात लावला तर गुंडाळी होणारा. मी म्हटलं, बाई, हे मी जन्मभर पोस्टमार्टेमला मेंढराच्या काळजातनं काढलंय. बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, मग तुम्हाला गोळ्यांचं महत्त्व सांगायला नको.

तर गोळ्या. अल्बेंडाझोलची अडचण अशी की आपल्या लोकांना ती 'जंताची गोळी' म्हणून ठाऊक. शाळेत पोरांना वर्षातनं दोनदा एक-एक चघळायला देतात तीच. म्हणून हायडॅटिडच्या पेशंटला दिली की घरचे म्हणतात, "एवढ्या जंताच्या गोळ्या कशाला?" आणि बंद करतात. इथं काम वेगळं आहे. गाठीच्या भिंतीतनं औषध आत झिरपवायचं असतं, म्हणून रोज दोन वेळा, महिनेच्या महिने. पचायलाही अवघड, चरबीशिवाय रक्तात चढत नाही. कोऱ्या चहाबरोबर घेतली तर निम्मी वाया. मी भाकरी-दूध-तुपाबरोबर घ्यायचो, बायकोनं कधी नव्हे ते तुपाला हात सैल सोडला. आधी चार दिवस तरी सुरू करून मग ऑपरेशन, आणि नंतर किमान महिनाभर, ही साधारण रीत आहे. सांडलं असेल तर जास्त. काही डॉक्टर जोडीला प्राझिक्वांटेल नावाचं किड्यावरचं दुसरं औषध देतात.

गोळ्या चालू असताना लिव्हरचं रक्त आणि पांढऱ्या पेशी तपासायच्या. सुरुवातीला दर पंधरवड्याला, मग महिन्याला. माझं एसजीपीटी, म्हणजे लिव्हरच्या तपासणीतला आकडा, एकदा चढलं, गोळी थोडे दिवस बंद ठेवली, उतरल्यावर परत सुरू केली. केस गेले ते परत आले, आधी होते तेवढेच. घरात कुणी गरोदर असेल तर तिनं ही गोळी चुकूनसुद्धा खाऊ नये.

आता वहिनीचं. तिला म्हणावं, ताट-वाटी परत एकत्र कर. हा रोग माणसाकडनं माणसाला होत नाही. उष्ट्यातनं नाही, थुंकीतनं नाही, आईच्या विष्ठेतनंही नाही. माणसाच्या पोटात किड्याची वाट बंद होते, आपण त्याच्या दृष्टीनं चुकलेली गल्ली. मटणातनंही आपल्याला होत नाही. गाठीचं काळीज शिजवून खाल्लं तरी हा रोग होणार नाही, किळस येईल ती वेगळी. अंडी येतात फक्त कुत्र्याच्या शेणातनं.

आणि वहिनीला बाळाची काळजी असेल तर तिनं ताटाऐवजी दारातल्या कुत्र्याकडं बघावं.

माणदेशी_लेक

काका, डॉक्टर, दोघांचे आभार कसे मानू कळत नाही. वहिनीला काकांचा परिच्छेद वाचून दाखवला. ती काही बोलली नाही, पण संध्याकाळी आईला वाढताना जुनंच ताट घेतलं.

जुनी सोनोग्राफी सापडली! टाके काढल्यावर दोन महिन्यांनी कुठल्यातरी तापासाठी केली होती. त्यात त्याच जागी ६.२ बाय ५ सेंमीची पोकळी लिहिली आहे.

पण कुत्र्यांना तर आम्ही भाकरी घालतो. त्यांना हा किडा कुठून?

सोनोवाला

ही चांगली बातमी आहे. तीच जागा आणि ६.२ वरून ४.६, म्हणजे आकसते आहे. जिवंत गाठ वाढते. तरी एमआरआय सोडू नका, आधीच्या वेळी लहान असलेली दुसरी गाठ सुटली नाही ना हे बघायला हवं. आणि दोन्ही सोनोग्राफीच्या फिल्म घेऊन जा, नुसते कागद नकोत.

वाचनमात्र

मधेच विचारतो. आमच्याकडे नाशिकला फ्लॅटमध्ये लॅब्राडोर आहे, फक्त पाकिटातलं खातो. हे वाचून बायको त्याला बाहेर काढायला निघाली आहे.

कोरडवाहू

त्याला राहू दे, वेळच्या वेळी जंताचं औषध दे आणि खाटकाच्या दुकानामागं मोकळा सोडू नकोस. कच्चं काळीज-फोपसं खाल्ल्याशिवाय कुत्र्याला हा किडा होत नाही.

लेकी, कुत्र्यांना भाकरी घालता हे खरं, पण ते भाकरीवर थांबतं का? जत्रेत बकरं पडलं की काय होतं ते आठव. काळजावर पाण्याचा फुगा दिसला की कापणारा तेवढा तुकडा काढून लांब भिरकावतो. आपल्या मते त्यानं घाण टाकली. कुत्रं तिथंच बसलेलं असतं. तसंच वाघरेत, म्हणजे मेंढरं कोंडायच्या जाळीत, रात्री मेंढरू मेलं, कोण पुरतंय? ओढ्याला ओढून टाकलं, झालं. त्या एका फुग्यातनं कुत्र्याच्या आतड्यात हजारो किडे होतात, एकेक पाच-सात मिलिमीटरपेक्षा मोठा नाही. कुत्रं मात्र ठणठणीत, अंगावर तेज. दीड महिन्यात अंडी पडायला लागतात. ती शेणात, तिथनं चाऱ्यावर, आणि कुत्रं बूड चाटून अंग चाटतं म्हणून केसांवरसुद्धा. मेंढरानं चारा खाल्ला की त्याच्या काळजात गाठ. तुझ्या आईनं अंगण लोटलं, कुत्र्याला थोपटलं आणि तशाच हातानं भाकरी मोडली की तिच्या.

हे मोडता येतं. आइसलँडमध्ये १८६० च्या दशकात हाच रोग घराघरांत होता. क्राबे नावाचा डेन्मार्कचा डॉक्टर १८६३ ला तिथं गेला, कुत्री तपासली, आणि लोकांना वाचायला पुस्तिका काढली की मेंढराचं आतलं कुत्र्याला टाकू नका, जाळा नाहीतर पुरा. तेव्हा गोळीसुद्धा नव्हती. पुढं रोग तिथनं गेला. न्यूझीलंडमध्ये आपल्या महाराष्ट्राच्या कितीतरी पट मेंढरं, तिथंही २००२ ला देश यातनं तूर्त मोकळा झाल्याचं जाहीर केलं. आमच्याकडं मी ग्रामसभेत हे सांगितलं तर सरपंच म्हणाले, आधी टँकरचं बोला. त्यांचंही खरं होतं.

तू घरापुरतं बघ. कुत्र्याला प्राझिक्वांटेल, किलोला पाच मिलिग्रॅम, दर सहा आठवड्यांनी. दुकानात नुसतं 'कुत्र्याचं जंताचं औषध' मागू नकोस, पाकिटावर प्राझिक्वांटेल लिहिलेलं बघून घे. दुसऱ्या औषधांनी गोल जंत जातात, हा राहतो.

माणदेशी_लेक

अपडेट देते, बरेच दिवस झाले.

एमआरआय झाला. जुनी पोकळी निव्वळ पोकळीच आहे, आत पडदा नाही, पिल्लं नाहीत, पित्तनलिकेशी संबंध आता दिसत नाही. पण शेजारच्या भागात २.४ सेंमीची वेगळी छोटी गाठ आहे, दुहेरी भिंतीची, सीई-१ लिहिलंय. आधीच्या कुठल्याच रिपोर्टात ती नाही. सर्जन म्हणाले पहिल्या वेळी अगदी बारीक असेल, मोठीच्या आडोशाला दिसली नसेल. छाती स्वच्छ. ऑपरेशन नाही. अल्बेंडाझोल सहा महिने, मग परत सोनोग्राफी, नंतर निदान पाच वर्षं तरी नजर.

आईला सांगितलं चाकू नाही, तर पहिला प्रश्न, "मग परत गाठ हाय का न्हाय?" आहे म्हटलं. म्हणाली, "असू दे. गोळ्या खाते." आता तूप लावून भाकरी खाते आणि वहिनीला सांगते, डॉक्टरनं लिहून दिलंय.

एकच विचारायचं राहिलं. औषधं बाहेरून घ्यायची तर महिन्याला खर्च बराच होतोय.

सोनोवाला

अल्बेंडाझोल सरकारी दवाखान्यात मिळू शकते, डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन जिल्हा रुग्णालयात विचारा. पुढे कधी ऑपरेशनची वेळ आलीच तर जनआरोग्य योजनेत बसतं का ते आरोग्यमित्राकडून आधी लिहून घ्या. आणि पुढची सोनोग्राफी शक्यतो एकाच ठिकाणी, एकाच माणसाकडून. मापात मिलिमीटरांचा फरक हात बदलला तरी येतो, त्यावरून घाबरायला होतं.

कोरडवाहू

सहा महिन्यांत गाठ नाहीशी झाली नाही तरी घाबरू नका. बऱ्याचदा ती जाग्यावर राहते, पण आतला पडदा सुटतो, पाणी घट्ट होतं, आणि अवस्था १ ची ३-अ, मग ४ होते. आकड्यापेक्षा ती अवस्था विचारायची.

कुत्र्यांना डोस दिला का ते लिहिलं नाहीस. दिला नसेल तर देशील त्या दिवसापासून दोन दिवस बांधून ठेव आणि जे पडेल ते फावड्यानं उचलून खोल पुर नाहीतर जाळ. किडे मरतात पण अंडी त्याच शेणातनं बाहेर येतात, आणि औषधानं अंडी मरत नाहीत. ते काम आईला सांगू नको, भावाला सांग. आणि दोन्ही कुत्र्यांचं वजन अंदाजानं लिहून पाठव, गोळी किती ते मी सांगतो.